बाळंतिणीची तहान

बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यावर सगळे आधी पाळण्यात डोकावतात. नाक कुणाचं, रंग कुणाचा, याची वाटणी सुरू होते. मी आधी बाईकडे बघते. तिचे ओठ कसे आहेत, कुशीवर वळताना ती कण्हते का, बाळ जवळ घेताना खांदा आखडते का. बाळाचं कौतुक करायला अख्खा गोतावळा असतो. आईकडे बघायला मात्र माणूस ठेवावं लागतं, आणि ते माणूस म्हणजे मी.

हैदराबादच्या एका प्रसूतिगृहात मी नर्स होते. शेवटची बरीच वर्षं माझ्याकडे फक्त अंगावर पाजणाऱ्या बायकांचं काम होतं. दारावर ‘स्तनपान मार्गदर्शन’ अशी भारदस्त पाटी होती, पण त्या नावानं मला कुणी कधी हाक मारली नाही. तेलुगुत दुधाला पालु म्हणतात, म्हणून तेलुगु बायका मला पालम्मा म्हणायच्या. जुन्या शहरातून येणाऱ्या ‘दूध की सिस्टर’ म्हणायच्या. आपली मराठी मंडळी ‘त्या दुधाच्या बाई’ म्हणायची, तेव्हा फोनवर ऐकणाऱ्याला मी रतीब घालते असंच वाटायचं. निवृत्त झाले तरी हे काम सुटलं नाही. मी नारायणगुड्यात राहते. बोलावणं आलं की पिशवी खांद्याला लावायची आणि निघायचं.

लोकांना वाटतं, पाजण्यात शिकवायचं काय? बाई आहे, बाळ आहे, देवानं सोय केलेली आहे. अहो, देवानं सोय केली खरी, पण वापरायचं कसं ते सांगायला तो थांबला नाही. बाळानं नुसतं टोक तोंडात धरलं की तडे जातात, रक्त येतं, बाई दात-ओठ खाऊन पाजते आणि चार दिवसांनी बाळ रडलं की तिच्या पोटात गोळा येतो. दूध तुंबलं की छातीचा दगड होतो, मग ताप. अशा वेळी पाजणं थांबवायचं नसतं. आणि नेमकं तेव्हाच घरातली थोरली बाई हात आडवा घालते. “बिमार छाती का दूध पिलातें क्या?” म्हणून एक सासूबाई माझ्यावर चांगल्याच कडाडल्या होत्या. मी म्हटलं, “अम्मा, मोरी तुंबली तर तुम्ही पाणी जाऊ देता की वरून बोळा कोंबता?” त्यांनी जरा विचार केला. मग सुनेला म्हणाल्या, “पिला रे पिला, सिस्टर चिल्लारे.” म्हणजे, पाज बाई, सिस्टर ओरडतायत.

औषधांचं तर विचारूच नका. दाताचा डॉक्टर असो की त्वचेचा, पाजणारी बाई समोर आली की काही जण सरळ सांगतात, दूध बंद करा. बहुतेक औषधं दुधात अगदी थोडी उतरतात. काही थोडी खरोखरच धोक्याची असतात, ती कुठली ते विचारून घ्यायचं असतं, एवढंच. पण विचारतंय कोण? उलट बायकाच गुपचूप स्वतःची गोळी बंद करतात. रक्तदाबाची, थायरॉइडची, फिटची. बाळाला नको म्हणून. आपल्याकडे आईनं काहीतरी सोडल्याशिवाय तिला कुणी आई मानत नाही. ती झोप सोडते, जेवण सोडते, औषध सोडते, आणि घरातले म्हणतात, बघा किती माया.

हे सगळं सांगायचं कारण ऋतुजा. सगळ्यांची नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

ऋतुजा सॉफ्टवेअरमधली. नवरा निखिल पुण्याचा, तोही त्यातलाच, घर गच्चीबौलीकडे. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली होती, चिक्कडपल्लीला. माहेरचं घराणं मूळचं बिदरकडचं, शेतीवाडीचं. आजोबांच्या काळात हैदराबादेत आलेलं, आता बियाण्यांचं दुकान. आई निर्मलाबाई. अशी बाळंतपण करणारी बाई मी फार थोडी पाहिली. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालताना त्यांचे हात बघत बसावं. खोलीत ओव्याची धुरी, खाटेखाली शेगडी, लेकीच्या कानाला रुमाल घट्ट बांधलेला.

मी पथ्याच्या विरोधात नाही, हे आधी सांगते. शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, हाळिवाची खीर, डिंकाचा लाडू, यातलं काही मी कुणाला कधी तोडायला लावलं नाही. आपल्या बायका मूर्ख नव्हत्या. मी फक्त एक प्रश्न हटकून विचारते, तो इथंही विचारला. “पाणी किती पितेस गं?”

“देते की!” निर्मलाबाई म्हणाल्या.

“पिते मी, सिस्टर,” ऋतुजा म्हणाली.

दोघी खोटं बोलत होत्या. आई लेकीच्या भल्यासाठी आणि लेक आईच्या मानासाठी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात, आणि मराठी घरांतच नव्हे तर तेलुगु घरांतही, बाळंतिणीचं पाणी तोडायची रीत आहे. ओल्या बाळंतिणीनं पाणी प्यायलं तर पोट सुटतं, दूध पातळ होतं, बाळाला सर्दी होते. म्हणून जेवणानंतर कोमट पाण्याचे दोन घोट, फार झालं तर तीन. आणि पाजणाऱ्या बाईची तहान कशी असते, ते पाजलेल्या बाईला विचारा. बाळ ओढायला लागलं की घसा कोरडा पडतो. त्या तहानेला आपल्याकडे हट्ट म्हणतात.

तड्यांवर काय करायचं, बाळ कसं धरायचं, ते दाखवून मी निघाले. ऋतुजा हुशार. बाळाचं डोकं डाव्या कोपराच्या खळग्यात, पाठ तळहातावर, एकदा दाखवलं की जमलं. ‘अशी विद्यार्थिनी रोज मिळू दे’ म्हणाले मी तिला.

थोड्या दिवसांनी दुपारी पुन्हा गेले. तडे भरत आले होते, पण ऋतुजाचा चेहरा उतरलेला. डोळे किलकिले करून बसलेली.

“डोकं दुखायलंय तिचं,” निर्मलाबाई म्हणाल्या. “कान उघडे टाकून खिडकीशी उभी ऱ्हायली, वारं शिरलं. सुंठीचा लेप लावलाय.”

“कधीपासून?”

“परवापासून. आडवी पडली की जास्तच. सकाळी उलटी पण केली.”

मी म्हटलं, जरा पाजून दाखव. तिनं बाळ उचललं, शिकवल्यासारखं डाव्या हातावर घेतलं, आणि बाळाचं डोकं हळूहळू खाली घसरायला लागलं. तिनं वर घेतलं. पुन्हा घसरलं. तिला ते कळतही नव्हतं. ती म्हणाली, “आज हा नीट धरतच नाहीये, सिस्टर.” बाळ नीट धरत होतं. तिचा हात धरत नव्हता.

बाळ काढून घेतलं आणि तिला म्हटलं, माझी बोटं दाब. उजव्या हातानं तिनं हाड मोडेल असं दाबलं. डाव्या हातानं नुसता स्पर्श केला.

“निखिलना फोन करा. गाडी बोलवा. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायचंय.”

“अहो पण सव्वा महिना व्हायचाय,” निर्मलाबाई गोंधळल्या. “ओली बाळंतीण उंबऱ्याबाहेर कशी काढावी? उद्या सकाळी डॉक्टरलाच घरी आणू ना?”

मी त्यांच्यावर ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. त्या बिचाऱ्या शाल आणायला धावल्या, लेकीच्या कानाचा रुमाल नीट बांधायला लागल्या, आणि बांधता बांधताच ऋतुजाला फिट आली. त्यांच्या हातात. डोळे फिरले, तोंडाला फेस, हातपाय झडायला लागले. मी तिला कुशीवर वळवलं. निर्मलाबाई नुसत्या “माझं लेकरू, माझं लेकरू” म्हणत होत्या.

मोठ्या दवाखान्यात तपासणीत कळलं, मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. बाळंतपणात रक्तस्राव लवकर थांबावा म्हणून बाईचं रक्त मुळातच गोठायला उतावीळ असतं. त्यात ती आडवी पडून राहिली, त्यात पाणी कमी पडलं, की गाठीला आयतं फावतं. एकट्या पाण्यानंच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. भरपूर पाणी पिणाऱ्या बाईलाही होऊ शकतं. डॉक्टरांनी मला हे सांगितलं, आणि मी ते नीट लक्षात ठेवलं, कारण पुढं ते मला कुणाला तरी सांगावं लागणार होतं.

ऋतुजा बेशुद्ध होती आणि तिला दूध येत होतं. हे लोकांना खरं वाटत नाही. माणूस शुद्धीवर नसतं, पण छाती भरत राहते. अतिदक्षता विभागात सगळ्यांचं लक्ष मेंदूकडे, आणि ते बरोबरच आहे. पण छाती तशीच तुंबू दिली तर त्यात पू होतो, तापानं पेशंट आणखी खचतो. मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, दूध काढू का? आणि ही औषधं चालू असताना ते बाळाला चालेल का? त्यांनी औषधं तपासली आणि म्हणाले, चालेल, बाळावर लक्ष ठेवू. निखिलनं हात जोडूनच होकार दिला. मग मी पडदा ओढून तिचं दूध हातानं काढायची, आणि काढताना तिच्याशी बोलायची. “बाई गं, तुझं पोरगं भुकेलंय, चल, आवर आता.” ती ऐकत नव्हती, तरी बोलायची. बाहेर निखिल ते चोचीच्या बोंडल्यानं बाळाला पाजायचा. त्याला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा निम्मं दूध बाळाच्या गळ्यावर सांडलं. ते दूध पुसताना त्याला रडू फुटलं.

निर्मलाबाई बाहेरच्या बाकावर बसलेल्या असायच्या. कुणाशी बोलायच्या नाहीत. मग वॉर्डातली आया मला म्हणाली, “सिस्टर, उनो अम्मा कल से पानी नै पीरे. रोजा होंगा समझी मैं, पन उनो तो मराठी अम्मा हैं ना?”

मी बाहेर गेले. निर्मलाबाईंचे ओठ फुटले होते. म्हणाल्या, “देवीला बोललेय मी. पोरगी डोळे उघडीपर्यंत पाणी शिवणार नाही.” आणि उठायला गेल्या ते तिथंच कोसळल्या.

त्यांना खाली नेऊन सलाईन लावलं. मी शेजारी बसले होते आणि मला राग आवरत नव्हता. राग त्यांचा नव्हे. पाणी सोडलं की देव पावतो, पाणी तोडलं की लेक सुधारते, हे कुणी आणि कधी आमच्या बायकांच्या डोक्यात भरवलं, त्याचा राग. आणि त्या रागात मी त्यांना सगळं सांगितलं. गाठ कशी होते, पाणी कमी पडलं की काय होतं. एकट्या पाण्याचंच कारण असेल असं नाही, हेही सांगितलं.

निर्मलाबाई म्हणाल्या, “माझ्या आईनं माझं असंच केलं. मला तर काही झालं नाही.”

“नाही झालं. बऱ्याच जणींना होत नाही.”

“मागायची ऋतू. ‘आई, एकच घोट’ म्हणायची. मी म्हणायची, सोस जरा, पुढं मला दुवा देशील.”



ऋतुजा शुद्धीवर आली. हळूहळू बोलायला लागली, बसायला लागली. डाव्या हातात मात्र जोर नव्हता. रक्त पातळ करणाऱ्या आणि फिटच्या गोळ्या चालू ठेवून ती बाळाला पाजू शकत होती. उशांचा कोट करून मी बाळ तिच्या उजव्या कुशीला लावलं, ते चिकटलं, आणि ती हसली. त्या वेळी एकटी असताना तिनं मला सांगितलं, “सिस्टर, आंघोळीला बसवलं की तोंडावरून पाणी ओघळायचं ना, ते मी जिभेनं घ्यायचे. आईला कळू न देता.” एवढी शिकलेली मुलगी. परदेशातल्या लोकांशी दिवसभर कडाकडा बोलणारी. मी तिला म्हटलं, अगं उठून स्वयंपाकघरात जाऊन प्यायचं होतंस! ती म्हणाली, “आई इतकं करत होती माझं. कसं मोडायचं तिचं मन?”

नंतर घरी गेल्यावर तीच माझ्यावर चिडली. “आईला सांगायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? ती आता बाळाला हात लावत नाही. मी हाक मारली की दचकते.”

“तुझ्या पाठच्या बहिणीला दिवस गेलेत,” मी म्हटलं. “तिचं बाळंतपण कोण करणार होतं?”

पण ती म्हणत होती ते खरं होतं. मी त्या बाईचा हात मोडून ठेवला होता. नुसतं वरण शिजवायचं तरी मला फोन करायच्या, “सिस्टर, जिऱ्याची फोडणी चालेल का हो?” नातेवाइकांना त्यांनी सांगून टाकलं, ताप डोक्यात गेला होता. आणि धाकटीला, पल्लवीला, कळवलं की तू पुण्यातच सासरी बाळंत हो, इकडं येऊ नको.

पल्लवीचा मला फोन. “मला माहेरी यायचंय, सिस्टर. आई फोनवर नुसती रडते आणि नाही म्हणते. काहीतरी करा ना.”

मी चिक्कडपल्लीला गेले. निर्मलाबाई म्हणाल्या, “मला शिकवलं तेच मी केलं. आता त्यातलं खरं कुठलं न् खोटं कुठलं, मला कसं कळावं? माझ्या हाताचा मलाच भरवसा राहिला नाही. दुसरं लेकरू नाही घालायचं मला यात.”

पुष्कळ समजावलं. काही उपयोग होईना. शेवटी मी म्हटलं, “बरं, राहू दे. पण तिकडं तिची सासू पाणी तोडणार नाही कशावरून? तिला तुमच्याइतकं ठाऊक आहे का?” हा डाव जरा खालच्या दर्जाचा होता, कबूल आहे. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि पुढच्याच आठवड्यात पल्लवी हैदराबादेत होती.

बाळंतपण सुखरूप झालं. पल्लवीच्या उशाशी काचेचा मोठा जग, पाण्यानं भरलेला. निर्मलाबाई अजून घाबरत घाबरत वावरत होत्या, पण त्यांनी बाळाला पायावर घेतलं होतं.

पाचवीला मला बोलावणं होतं. ऋतुजा आपलं बाळ घेऊन आली होती. बिदरकडून निर्मलाबाईंच्या थोरल्या नणंद आल्या होत्या, घरात सगळे त्यांना आत्याबाई म्हणतात. घरातलं शेवटचं जुनं माणूस. निर्मलाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा शेक कसा द्यायचा, बाळ कसं न्हाऊ घालायचं, सगळं त्यांनीच शिकवलेलं. निर्मलाबाईंनी जन्मात त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. आत्याबाईंनी बाळाची दृष्ट काढली, आणि मग त्यांची नजर उशाकडे गेली.

“निर्मला, हे काय गं? ओल्या बाळंतिणीच्या उशाला पाणी मांडून ठेवलंस?” त्यांनी जग उचलला आणि निघाल्या स्वयंपाकघराकडे.

माझं तोंड उघडलंच होतं. माझं तोंड लवकर उघडतं. पण निर्मलाबाई माझ्या आधी बोलल्या.

“वन्सं, ते तिथंच ठेवा.”

आत्याबाई वळल्या.

“ऋतूच्या डोक्यात ताप गेला नव्हता. मी खोटं सांगितलं सगळ्यांना. तिच्या रक्ताची गाठ झाली मेंदूत. लेकरू पाणी मागायचं आणि मी ओठ ओले करून गप करायची. पाण्यानंच झालं का, ते डॉक्टरला सांगता येत नाही. पण पाणी मी तोडलं होतं, हे तर मला माहीत आहे ना! आता या घरात कुणाचं पाणी तुटायचं नाही. तुम्ही मोठ्या आहात, मला मारा हवं तर.”

खोलीत बायका बसल्या होत्या. ऋतुजा रडत होती. आता आत्याबाई काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. ‘आमची बाळंतपणं अशीच झाली, आम्ही मेलो का?’ सगळ्या हेच म्हणतात, आणि त्यावरचं माझं उत्तर तयार असतं.

आत्याबाई म्हणाल्या, “आमची शोभा.”

निर्मलाबाईंनी तोंडावर हात धरला. मला काही कळलं नाही. शेजारची बाई माझ्या कानात कुजबुजली, शोभा म्हणजे आत्याबाईंची एकुलती एक लेक. पहिल्या बाळंतपणात गेली, फार वर्षं झाली. वारं लागलं होतं म्हणतात.

“डोकं दुखतंय म्हणायची,” आत्याबाई जग धरून तशाच उभ्या होत्या. “मी कान बांधले. मग तिचे हातपाय झडायला लागले, आम्ही देवऋषी आणला. पाणी दे गं आई, पाणी दे गं आई, एवढंच म्हणायची.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “सिस्टर, तिला पण हेच झालं होतं का हो?”

“आत्याबाई, इतक्या वर्षांनी ते कुणालाच सांगता येणार नाही,” मी म्हटलं.

“निर्मलाला पण तुम्ही असंच सांगितलं का?”

मला खोटं बोलता आलं नाही. “हो,” म्हटलं.

त्यांनी मान हलवली. सावकाश खाटेपाशी आल्या, जग होता तिथं ठेवला, पेल्यात पाणी ओतलं आणि पल्लवीच्या पुढं धरला. “पी माय,” म्हणाल्या. “माझ्यासमोर पी.”

पल्लवीला तहान नव्हती. तिनं पेला दोन्ही हातांत घेतला आणि सगळा संपवला.